परिक्रमेआधीचं रायपूर

दरेकसाचा बोगदा मागे पडला की महाराष्ट्र संपतो. डोंगरगडच्या टेकडीवर बमलाईचं देऊळ दिसतं, गाडीतले लोक खिडकीतूनच हात जोडतात, आणि तिथून पुढे जमीन सपाट होत जाते ती थेट रायपूरपर्यंत. भाताची लहान लहान खाचरं, बांधाबांधावर एकेकटी बाभूळ. पौषात भात घरी गेलेलं असतं, पण शेत मोकळं नसतं. उभ्या भातातच ओलीवर फेकून ठेवलेली लाखोडी आणि मसूर आता धसकटांमधून वर आलेली असते. या पेरणीला इथं उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी देणं नाही. जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर दुसरं पीक. सह्याद्रीत वाढलेल्या माझ्या नजरेला कडे, सोंडा आणि खिंडी लागतात. इथं तासन्‌तास नजर अडवणारं काहीच आलं नाही. याच सपाटीवर चालायला शिकायचं म्हणून मी निघालो होतो.

येत्या कार्तिकात उगमापासून, अमरकंटकहून, नर्मदा परिक्रमा उचलायची आहे. नर्मदेची लांबी 1,312 किलोमीटर. एका तटानं समुद्रापर्यंत आणि दुसऱ्या तटानं परत, म्हणजे पायांखाली 2,600 किलोमीटरहून अधिक वाट जाणार. शास्त्रानुसार या वाटेला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. हल्ली बरेच जण एका चातुर्मासाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंत ती पुरी करतात. माझे मामा रायपूरचे. नोकरीतून मोकळे झाल्यावर ते ही वाट चालून आले आहेत. फोनवर माझा बेत ऐकून ते म्हणाले, "पुण्यात काय तयारी करून राहिला? इकडे ये. चालायचं कसं ते इथं कळेल."

मामांचं घर तात्यापाऱ्यात. पोचल्यावर पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या आजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात चांदीचं जाड कडं. "भांचा आय हे?" असं मामींना विचारलं आणि मी उठून नमस्काराला वाकायच्या आत त्याच खाली वाकल्या. "पांव परत हंव भांचा." मी मागे सरकलो. मामांनी खांद्यावर हात ठेवून मला जागेवर थांबवलं. छत्तीसगढात भाच्याच्या पाया पडतात. कौसल्या इथली, रायपूरजवळच्या चंदखुरीची, असं मानतात; तिथं तळ्याच्या मधोमध तिचं देऊळ आहे. म्हणजे राम या भूमीचा भाचा, आणि रामामुळे गल्लीतला प्रत्येक भाचा पूज्य. आपल्याकडे मामा आला की भाचा वाकतो. इथं वयानं, मानानं मोठं माणूस लहानापुढे सहज वाकतं, आणि त्यात दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही. आजींचे हात पायांना लागले तेव्हा मला मात्र फार अवघडलं. तो मान घ्यायची सवयच नव्हती.

तात्यापारा हा रायपूरच्या मराठी वस्तीचा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी 1758 मध्ये रतनपूरला आले आणि 1787 पर्यंत त्यांनी छत्तीसगढचा कारभार पाहिला. त्या काळापासून मराठी घरं इथं येत राहिली. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, मामींच्या स्वयंपाकघरात पुरणाच्या पाट्याशेजारी चीला भाजायचा तवा असतो. याच शहरात माधवराव सप्र्यांच्या आयुष्याचा बराच काळ गेला. त्यांनी 1900 साली 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढलं ते पेंड्र्याहून, अमरकंटकच्या पायथ्याच्या गावातून. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले तेही त्यांनीच. रेल्वेनं अमरकंटकला जाणारे बहुतेक जण आजही पेंड्रा रोड स्टेशनावर उतरतात. मराठी माणसाची परिक्रमेची वाट या गावांवरून जाते, तेव्हा या आडवाटेच्या गावात बसून मासिक चालवणाऱ्या माणसाची आठवण ठेवून जावं असं मला वाटलं.

पहाटे मामा मला बूढा तालाबावर घेऊन गेले. रायपूर हे तलावांचं गाव. अजूनही सकाळी तलावाच्या पायऱ्यांवर अंघोळी, धुणी आणि गप्पा एकाच वेळी चालतात. पाण्याच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा बसलेला भव्य पुतळा आहे. 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांच्या कामामुळे इथं आला आणि जवळच्या बूढापाऱ्यात सुमारे दोन वर्षं राहिला. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. नागपूरच्या बाजूनं बैलगाडीनं, दाट जंगलातून, कित्येक दिवसांचा प्रवास झाला. त्या वाटेवर डोंगराच्या भेगेत वरून खालपर्यंत लोंबणारं मधमाश्यांचं प्रचंड पोळं पाहून तो मुलगा भान हरपून गेला होता, हे त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. मी गाडीत बसून काही तासांत जो टप्पा ओलांडून आलो, त्यानं एका मुलाला आयुष्यभर पुरेल असं काही दिलं होतं. बैलगाडी चालते माणसाच्याच चालीनं. त्या चालीनं गेलं तरच पोळं दिसतं.

तलावाभोवती चालताना मामांनी पहिला धडा दिला. मी झपाझप पुढे जायचो आणि त्यांची वाट पाहत थांबायचो. ते आपले एकाच चालीनं येत. चार फेऱ्यांनंतर माझा श्वास वर आला होता, त्यांचा होता तसाच. ते म्हणाले, "गडावर चढणारे पाय वेगळे आणि रोज चालणारे वेगळे. गड एका दिवसाचा. जीव काढून चढलास तरी रात्री घरी गादी आहे. परिक्रमेत उद्या परत उठायचंय, परवा परत उठायचंय."

ही गोष्ट मी पुढचे दिवस पायांनी समजून घेत गेलो. सह्याद्रीत चढण असते, उतार असतो, पाय सारखा वेगळ्या कोनात पडतो. मांड्या दुखतात, पण तळव्याला विसावा मिळतो. सपाटीवर तळव्याचा तोच भाग हजारो वेळा त्याच जागी घासतो. फोड येतात ते घाम, उष्णता आणि घासणं या तिन्हींमुळे. म्हणून बूट भारी असण्यापेक्षा ते हलके, वापरून मऊ झालेले आणि पायापेक्षा किंचित मोठे हवेत, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. मोजे कोरडे हवेत. थांबलं की बूट काढून पाय उघडे करायचे. पाठीवरचं ओझं शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहिलं तर गुडघे तक्रार करत नाहीत. आणि अंतर एकदम वाढवायचं नाही. कालव्याच्या कडेकडेनं अभनपूरच्या बाजूला आम्ही रोज थोडं थोडं पुढे सरकत गेलो. मामांचा नियम असा की संध्याकाळी अंगात उद्या तेवढंच चालायचं बळ शिल्लक असलं पाहिजे. त्यापुढे एक पाऊलही नाही.

चालणं वाढलं तशी भूक बदलली. गोल बाजारात मामींबरोबर सामान आणायला गेलो. जुना, गजबजलेला बाजार. एका गल्लीत पूजेचं साहित्य, दुसरीत लग्नाचं, मध्येच जडीबुटीवाल्यांचे लहान लहान ढिगारे. मुर्रा म्हणजे कुरमुरे, फुटाणे, गूळ, बेसन, तीळ एवढंच घेतलं. पुण्याच्या दुकानांतून पाहून ठेवलेल्या ऊर्जावड्यांची यादी माझ्या खिशातच राहिली. घरी मामींनी ठेठरी आणि खुरमी करायला घेतली. बेसनात ओवा, तीळ, मीठ आणि मोहन घालून घट्ट भिजवलं, त्याच्या लांब वळ्या वळल्या, दुहेरी करून पीळ दिला आणि तळल्या, ही ठेठरी. कणकेत गुळाचं पाणी, तीळ आणि खोबरं घालून लहान गोळे केले आणि एकेक गोळा बांबूच्या टोपलीच्या पाठीवर अंगठ्यानं दाबला. विणीची नक्षी उठलेली ती खुरमी. मामी म्हणाल्या, "हे पंधरा दिवस टिकतं. सोबत देताना इथं हेच देतात." मूठभर खुरमी आणि पाणी एवढ्यावर तीन तास चालता येतं, हे मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा अनुभवलं.

एके दुपारी महंत घासीदास संग्रहालयात गेलो. राजनांदगावच्या राजे महंत घासीदासांनी 1875 मध्ये ते उभं केलं. त्याच्या आवारात गढ कलेवा नावाचं खानावळीवजा ठिकाण आहे. बचत गटाच्या बाया तिथं छत्तीसगढी पदार्थ रांधतात. फरा, चीला, मुठिया, अंगाकर रोटी. पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर फोडली की आतून वाफ निघते आणि पानाचा वास येतो. सगळं तांदळाचं. मी भाकरी-पोळीवर वाढलेला. भातानं पोट भरतं, पण अंगात ताकद राहत नाही, असं घरी ऐकत आलेलो. इथला शेतकरी उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खातो. त्याला बासी म्हणतात. ती खाऊन तो दुपारपर्यंत शेतात उभा असतो. उन्हात चालताना अंगाला पाणी आणि मीठ दोन्ही लागतं, आणि त्या एका वाडग्यात ती दोन्ही असतात. हे ऐकून माझा भाताबद्दलचा जुना ग्रह गेला.

पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मामांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं आम्हांला गावी बोलावलं होतं. भात कोठारात आलेलं असतं आणि त्या दिवशी सगळं गाव घरोघर धान्य मागायला निघतं. सकाळी पोरांच्या टोळ्या निघाल्या, गळ्यात पिशव्या, हातात टोपल्या, तोंडानं ठेका धरलेला. मागोमाग मोठी माणसं दांडा नाचत. मला वाटलं होतं की ज्यांच्याकडे कमी आहे ते मागत असतील. तसं नाही. ज्याच्या घरी कोठी भरलेली तोही टोपली घेऊन बाहेर पडतो आणि त्याच्या दारी आलेल्याला त्याची बायको सूप भरून धान घालते. मागताना कोणी लहान होत नाही, देताना कोणी मोठा होत नाही. नाही म्हणायची त्या दिवशी रीतच नाही.

यजमानांनी माझ्याही हातात टोपली दिली. पहिल्या दारापुढे मी उभा राहिलो तो मागे मागे. घरातली म्हातारी सूप घेऊन बाहेर आली, माझ्या टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आघू आ बेटा." पुढे ये. मी टोपली पुढे केली. धान पडताना हलकासा आवाज झाला, थोडी तुसं हातावर उडाली. दुसऱ्या दारी कमी संकोच वाटला. पाचव्या-सहाव्या दारी मी पोरांबरोबर ओरडत होतो.

आपल्याकडे ही रीत होती. पुण्यात माधुकरी मागून कितीतरी मुलं शिकली, आणि त्यांतली काही पुढे फार मोठी झाली. वारीत आजही गावं वारकऱ्यांना जेवू घालतात. पण शहरातल्या माझ्या पिढीला देणं जमतं, घेणं जमत नाही. कोणी काही दिलं की लगेच परतफेडीचा हिशेब मनात सुरू होतो. आणि परिक्रमा तर घेण्यावरच चालते. आश्रमात किंवा एखाद्या घरी सदावर्त मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची. ते घ्यायचं, तीन दगडांवर शिजवायचं, उरवायचं नाही, साठवायचं नाही. ज्याला घेता येत नाही तो खिशातल्या पैशांवर चालतो. असा माणूस नदीकाठानं जातो खरा, पण नदीकाठच्या माणसांमधून जात नाही. मामा हे कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांनी मला फक्त छेरछेराला नेलं.

पुढच्या दिवसांत राजिमची पंचकोशी चाललो. पैरी, सोंढूर आणि महानदी यांच्या संगमावर राजिम आहे. नदीच्या पात्रातच उंच जोत्यावर कुलेश्वराचं देऊळ आहे. पौष-माघात यात्रेकरू तिथून निघतात आणि पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर, कोपरा इथल्या शिवस्थानांचं दर्शन घेत पुन्हा राजिमला येतात. सगळे आपला शिधा डोक्यावर घेऊन. माझ्या पुढे चालणाऱ्या एका बाईचं गाठोडं मी मुक्कामी सुटताना पाहिलं. खाली चुंबळ, वर गोधडी. गोधडीत तांदळाची पिशवी, डाळीची पुरचुंडी, चार बटाटे, टोमॅटो-मिरची, एक पातेलं, एक काशाची वाटी, एक लुगडं आणि एक लहान बाटली. बस्स. माझ्या पाठपिशवीत नुसत्या औषधांचीच थैली त्या पातेल्याएवढी होती. तिनं चूल मांडली, भात चढवला, पाट्याची सोय नव्हती तेव्हा दगडावर टोमॅटो-मिरची ठेचली. जेवून झाल्यावर बाटली उघडली. मोहाच्या बियांचं तेल, इथं त्याला टोरीचं तेल म्हणतात. टाचांच्या भेगांत, बोटांच्या बेचक्यांत, घोट्याच्या खाली ते तिनं सावकाश जिरवलं, आणि उरलेला हात शेजारच्या म्हातारीच्या पावलावर फिरवला. मग बाटली माझ्याकडे सरकवली. मी हात पुढे केला. छेरछेराच्या आधी केला नसता.

चंपारण हे वल्लभाचार्यांचं जन्मस्थान. 1479 चा त्यांचा जन्म. गुजरातेतून येणाऱ्या वैष्णवांची तिथं वर्दळ असते. सपाट शेतांच्या मुलखात तिथली गर्द झाडी अचानक समोर येते. तिथलं झाड तोडायचं नाही अशी श्रद्धा आहे. आपल्याकडच्या देवरायांत शिरताना आवाज आपोआप खाली येतो, तसाच तिथंही यात्रेकरूंचा आला.

शेवटी अमरकंटक. बिलासपूर सोडलं की सपाटी संपते, भनवारटंकच्या बोगद्याशी गाडी मैकलच्या रांगेत शिरते आणि सालवृक्षांचं राज्य सुरू होतं. साल सह्याद्रीत नाही. सरळ उभी खोडं, वर हिरवं छत, खाली ओलसर पाचोळा. पहाटे गवतावरचं दहिवर गोठलेलं होतं. नर्मदेच्या कुंडापासून कपिलधारेच्या धबधब्यापर्यंत आम्ही चालत गेलो. समुद्राला मिळेपर्यंत ही नदी केवढी होते ते मी भरूचला पाहिलेलं. इथं ती ओंजळीत मावण्याएवढी, गवतातून वाट काढत जाते. परिक्रमा करणाऱ्यानं ती ओलांडायची नाही, सतत उजव्या हाताला ठेवायची. म्हणून इथून निघणारा दक्षिण तटानं समुद्राकडे जातो आणि उत्तर तटानं परततो.

वाटेत एक बैगा आदिवासी म्हातारा भेटला, खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला लंगोटीवजा धोतर. मामांनी त्याला माझा बेत सांगितला. "नर्मदे हर" म्हणून त्यानं आधी हात जोडले आणि मग जंगलाच्या गोष्टी सांगितल्या. सूर्य वर आल्याशिवाय निघू नको. सूर्य टेकायच्या आत गाव गाठ. मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे झाडाखाली अस्वल असतं. बोलत जा, काठी आपटत जा, म्हणजे ते आधीच निघून जातं. ओढ्याचं पाणी प्यायचं तर वरच्या अंगाला जाऊन बघ. आणि गावाच्या शिवेवर ठाकुरदेव असतो, त्याच्यापुढे थांबून मग आत जा. जवळच्या मरवाहीच्या जंगलात अस्वलांचा वावर भरपूर. त्यानं हे भीती घालायला सांगितलं नाही. जंगलात घर असलेल्या माणसानं पाहुण्याला घरातल्या रीती सांगाव्यात, तसं सांगितलं. आमच्या बोलण्यात जंगल सर करायची भाषा असते, गड सर करावा तशी. त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात एकही शब्द जिंकण्याचा नव्हता.

परिक्रमेला निघू पाहणारे मराठी लोक दरवर्षी वाढत आहेत. त्यांच्यापैकी बरेच जण सामानाची यादी करतात, नकाशे जमवतात, व्यायामशाळेत जातात. तेही करावं. पण माझं मत आता पक्कं आहे की पाय तयार व्हायला दोन-तीन महिने पुरतात, हात तयार व्हायला अधिक वेळ लागतो. म्हणून जाणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. निघण्याआधीचा एखादा पौष छत्तीसगढात काढा. सपाट वाटेनं एका चालीनं चालून बघा. छेरछेराला टोपली घेऊन दारात उभे राहा. पंचकोशीच्या मुक्कामी दुसऱ्याच्या चुलीवरचा भात खा आणि आपल्या गाठोड्यातला द्या. पाठीवरून काय काय उतरवता येईल ते तिथं शिका. प्लास्टिकची एकही पिशवी नदीकाठी सोडायची नाही, हेही तिथंच स्वतःला बजावा. एवढं झालं की कार्तिकात नर्मदामाईपुढे संकल्प करायला तुम्ही तयार आहात.